पंचवीसच्या अलीकडे, पंचवीसच्या पलीकडे

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवरचे बॅगांचे ढीग टीव्हीवर दिसू लागले आणि आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर जुनाच वाद नव्यानं पेटला. बँकेतून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका एका बाजूला, त्यांचा आयटीतला भाचा दुसऱ्या बाजूला. भाचा म्हणे, दारं सताड उघडा, आखाती कंपन्यांना देशात विमानं उडवू द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील. काका म्हणत, एअर इंडियात सिंगापूरवाले घुसलेच आहेत, आता उरलेलंही विका आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या दुसऱ्या अंकाची तिकिटं काढा. वाहिन्यांवरची चर्चा याहून फार वेगळी नव्हती. तिथे माणसं कोट घालून बसली होती, एवढाच फरक.

दोघांचंही भांडण एकाच आकड्याशी अडलं होतं. परदेशी कंपनीला किती टक्के द्यायचे? शून्य, आजच्या मर्यादेइतके 49 की सरसकट 100? माझ्या मते हा आकडा वाद घालण्याच्या लायकीचाच नाही. देशातल्या विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात परदेशी विमान कंपनीनं पैसा घालायला माझी हरकत नाही, उलट तो यावा. पण त्या पैशाच्या बदल्यात शेअरखेरीज आणखी काय काय हातचं गेलं ते आधी लोकांसमोर आलं पाहिजे: किती हवाई हक्क (दुसऱ्या देशाशी ठरलेल्या उड्डाणांच्या जागा), कुठले स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा), कोणते नकाराधिकार, प्रवाशांची कुठली यादी. आणि या गोष्टींचा सौदा शेअर विकण्याच्या टेबलावर होता कामा नये. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. टक्क्यांवर संसदेत गदारोळ होतो आणि कलमांवर कुणी चकार शब्द काढत नाही.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. 2013 मध्ये अबूधाबीच्या एतिहादनं जेट एअरवेजचे 24 टक्के शेअर घेतले. नोव्हेंबर 2024 मध्ये टाटा-सिंगापूर भागीदारीतली विस्तारा टाटांच्या एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सिंगापूर एअरलाइन्सच्या वाट्याला 25.1 टक्के आले. गंमत म्हणजे दोन्ही व्यवहारांत मोजलेली रोख रक्कम 2,058 कोटी रुपयांच्या आसपासच होती. सिंगापूरनं त्याखेरीज विस्तारामधला आपला 49 टक्क्यांचा वाटाही सोडला. पण 24च का, आणि 25.1च का? जेट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. सेबी या बाजार-नियामकाच्या नियमानुसार अशा कंपनीत 25 टक्क्यांची रेषा ओलांडली की बाकीच्या भागधारकांनाही खरेदीचा खुला प्रस्ताव द्यावा लागतो. म्हणून एतिहाद रेषेच्या अलीकडे थांबली. एअर इंडिया शेअर बाजारात नाही, तिथे तो प्रश्नच येत नाही. मात्र कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे ज्याच्याकडे पंचवीसपेक्षा कणभर जास्त आहे तो एकटा तो ठराव अडवू शकतो. तो कणभर म्हणजे दशांश एक. दोन्ही कंपन्यांच्या वकिलांना कोणती रेषा कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र 49च्या रेषेवर पहारा देत उभे होतो, जिथे या दोन्ही सौद्यांत कुणी फिरकलंच नाही.

काकांच्या ईस्ट इंडिया कंपनीला मी हसत नाही. त्यांनी उदाहरण बरोबर घेतलं, पण चुकीच्या बाजूनं वाचलं. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला, तेव्हा पेशवाईचे किती टक्के इंग्रजांना दिले? शून्य. गादी पेशव्यांची, शिक्का पेशव्यांचा, दरबार पेशव्यांचा. इंग्रजांनी घेतली ती कलमं. सहा हजारांची तैनाती फौज कायम ठेवायची, तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही, आणि दुसऱ्या सत्तांशी बोलणं करायचं तर आधी कंपनी सरकारला विचारायचं. बहुसंख्य संचालक पुण्याचेच होते म्हणा ना! पुढे पंधरा वर्षांत शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, तो कुठलंही भांडवल विकून नव्हे.

आज आपला नियम काय सांगतो? विमान कंपनीची भरीव मालकी आणि प्रभावी नियंत्रण भारतीयांकडे असावं, अध्यक्ष भारतीय असावा, दोन तृतीयांश संचालक भारतीय नागरिक असावेत. ऐकायला भक्कम. पण माणसाचा पासपोर्ट कोणता ते पाहणं वेगळं आणि तो कुणाच्या परवानगीनं सही करतो ते पाहणं वेगळं. बेल्जियमच्या सबेनाचं उदाहरण यावर पुरेसं आहे. 1995 मध्ये स्विसएअरनं तिचे 49.5 टक्के घेतले, 50.5 टक्के बेल्जियम सरकारकडे राहिले. बहुमत चक्क सरकारचं! तरी कंपनी चालवायची स्विसएअरच, आणि तिच्याच धोरणानुसार सबेनानं गरज नसताना 34 एअरबस विमानांची ऑर्डर दिली. 2001च्या शरदात आधी स्विसएअर कोसळली, मग नोव्हेंबरात सबेना. बेल्जियमचे 50.5 टक्के तेव्हा कुणाच्या कामाला आले?

आता जेटकडे परत येऊ, कारण आपल्याकडचा सगळा अभ्यासक्रम त्या एकाच सौद्यात आहे. 24 एप्रिल 2013ला जेट आणि एतिहादनं 24 टक्क्यांचा करार जाहीर केला. त्याच दिवशी भारत आणि अबूधाबी यांच्यातला हवाई सेवा करार वाढवला गेला: आठवड्याला 13,330 जागा होत्या, त्यात तीन वर्षांत 36,670ची भर पडून 50,000 व्हायच्या होत्या. त्याआधी दोनच महिने जेटनं लंडनच्या हीथ्रोवरचे आपले तीन स्लॉट एतिहादला सात कोटी डॉलरला विकून तेच भाड्यानं परत घेतले होते. पुढे नेहमीच्या प्रवाशांच्या पॉइंट योजनेचा निम्म्याहून जरा जास्त वाटाही 15 कोटी डॉलरला एतिहादकडे गेला. म्हणजे शेअर 24 टक्के. पण लंडनला उतरायची वेळ एतिहादची, जेटचे नेहमीचे प्रवासी कोण आणि कुठे जातात ती यादी अर्ध्याहून जास्त एतिहादची, आणि ते प्रवासी अबूधाबीवरून पुढे न्यायला लागणाऱ्या हजारो जागा भारत सरकारनं दिलेल्या. यातला सगळ्यात मौल्यवान भाग जेटच्या मालकीचा नव्हताच. हवाई हक्क देशाचे असतात. ते एका खासगी सौद्याच्या मुहूर्तावर का वाढवले गेले, याचं धड उत्तर आजवर मिळालेलं नाही.

आणि नियंत्रण? स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2013 मध्ये तो करार वाचून सांगितलं, यातून एतिहादला संयुक्त नियंत्रण मिळतं. सेबीनं 2014 मध्ये तोच सौदा तपासून सांगितलं, नियंत्रण बदललेलं नाही. एकाच देशाच्या दोन नियामकांना एकाच कागदात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या! ज्या शब्दाचा अर्थ आपल्या यंत्रणांमध्येच ठरलेला नाही, त्या ‘नियंत्रण’ या शब्दाच्या भरवशावर आपण ‘स्वदेशी’ची अख्खी भिंत उभी केली आहे.

काकांच्या बाजूचे मुद्दे मला मोडीत काढायचे नाहीत. त्यातले दोन खरोखर वजनदार आहेत. पहिला हबचा, म्हणजे प्रवासी गोळा करून पुढे पाठवणाऱ्या मध्यवर्ती विमानतळाचा. परदेशी विमान कंपनी पैसा घालते ती लाभांशासाठी नव्हे, तर प्रवासी आपल्या घरच्या विमानतळावर ओढून नेण्यासाठी. नागपूरचा माणूस आज दोहावरून युरोप-अमेरिकेला जातो, मुंबईला न येता. त्याची सोय होते हे खरं, पण लांब पल्ल्याचं विमान, त्याचे वैमानिक, त्याची देखभाल, ट्रान्झिट प्रवाशांवर चालणारी विमानतळावरची दुकानं हे सगळं दोहात उभं राहतं. सिंगापूरला एअर इंडियात रस का आहे? चांगी विमानतळाला देशांतर्गत प्रवासीच नाही, आणि भारतात तो करोडोंनी आहे. दुसरा मुद्दा माणसांचा. एअर इंडियाचे मुख्य अधिकारी म्हणून 2022 मध्ये कॅम्पबेल विल्सन आले, ते सिंगापूर एअरलाइन्सच्याच स्कूट या स्वस्त कंपनीतून. तेव्हा सिंगापूरचा एअर इंडियात एक शेअरही नव्हता. प्रभाव पैशाच्या आधी पोचतो, हे काकांचं निरीक्षण अचूक आहे.

पण मग औषध काय? परदेशी विमान कंपनीला बंदी? ते औषध आपण घेऊन पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स मिळून भारतात नवी विमान कंपनी काढायला निघाले होते. 1997च्या धोरणानं देशांतर्गत विमान कंपनीत परदेशी विमान कंपनीच्या भागभांडवलावर बंदी आली आणि तो बेत बारगळला. जेटमध्ये तोवर गल्फ एअर आणि कुवेत एअरवेजचे प्रत्येकी 20 टक्के होते, त्यांनाही बाहेर पडावं लागलं. फायदा अर्थातच बाजारात आधीपासून बसलेल्यांना झाला. 2012च्या सप्टेंबरात 49 टक्क्यांपर्यंत दार उघडलं आणि त्यातून पहिली मोठी रक्कम घेतली ती त्याच जेटनं. स्वदेशीच्या नावानं पंधरा वर्षं जी गोष्ट झाकून ठेवली, ती निघाली स्पर्धेपासून मिळालेलं संरक्षण.

बरं, परदेशी विमान कंपनी नसली की विलीनीकरणं नांदतात का? 2007 हे साल घ्या. त्या एका वर्षात जेटनं 1,450 कोटींना सहारा घेतली, किंगफिशरनं एअर डेक्कनमध्ये हात घातला, आणि सरकारनं एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. तिन्ही सौद्यांत घेणारा देशी, देणारा देशी, सह्या देशी. डेक्कन घेण्यामागे तर मोठा डाव असा की परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि 20 विमानं असावीत या तेव्हाच्या नियमातली पाच वर्षं डेक्कनच्या नावावर आधी भरत होती. म्हणजे विलीनीकरण प्रवाशांसाठी नव्हतं, नियमाला वळसा घालण्यासाठी होतं. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली. जेटचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. एअर इंडियाचा लिलाव झाला तेव्हा तिच्यावर 61,562 कोटींचं कर्ज होतं. टाटांनी त्यातलं 15,300 कोटी घेतलं, उरलेलं 46,262 कोटी सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या खात्यावर राहिलं. गो फर्स्टही पूर्ण देशी होती, ती मे 2023 मध्ये थांबली. या स्मशानात पुरलेल्यांचे पासपोर्ट तपासून काय उपयोग?

आणि स्वदेशीचा एवढाच सोस असेल, तर 15 ऑक्टोबर 1932 आठवावा. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तो आपल्या विमानसेवेचा जन्मदिवस. विमान होतं ब्रिटिश बनावटीचं पस मॉथ. टपालसेवेची कल्पना टाटांकडे घेऊन आलेला माणूस म्हणजे नेव्हिल व्हिन्सेंट, ब्रिटिश हवाईदलातून बाहेर पडलेला वैमानिक. मुंबईपासून पुढे मद्रासपर्यंत विमान त्यानंच नेलं. हक्काचा निर्णय जुहूत कुणाच्या हातात होता हे मात्र स्पष्ट होतं, आणि म्हणून व्हिन्सेंटच्या पासपोर्टवरून कुणाचं काही बिघडलं नाही.

एवढं म्हटलं की भाचा खूश होतो. त्याला वाटतं मी त्याच्या बाजूचा. पण त्याच्या मुद्द्याची फट आणखी रुंद आहे. परदेशी कंपनी आली की स्पर्धा वाढते, हे तो गृहीत धरतो. विलीनीकरणात ती येते तेव्हा नेमकं उलट होतं: ती स्पर्धक म्हणून येत नाही, दोन स्पर्धकांचा एक करायला येते. विस्तारा जानेवारी 2015 मध्ये उडाली ती 51 टक्के टाटा, 49 टक्के सिंगापूर अशी. दहा वर्षं पुरी व्हायला दोन महिने असताना तिचं नाव पुसलं गेलं. नव्या मालकांच्या घरात एअरएशिया इंडियाचंही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विसर्जन झालं. 2025 मध्ये इंडिगोकडे देशातल्या प्रवाशांपैकी सुमारे 65 टक्के, आणि इंडिगो व एअर इंडिया हे दोन गट मिळून 90 टक्क्यांच्या घरात. डिसेंबरात एकाच कंपनीचं ड्यूटीचं वेळापत्रक कोसळलं तेव्हा सरकारनं काय केलं? वैमानिकांच्या विश्रांतीचा नियम तिच्यापुरता तात्पुरता सैल केला आणि भाड्यांवर कमाल मर्यादा घातली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये अशी. एक कंपनी झोपली की नियमच वाकवावा लागतो, इतका बाजार दोघांच्या हातात गेलेला आहे. आणि झोपलेल्या त्या इंडिगोत परदेशी विमान कंपनीचा एक रुपयाही नाही.

याच एअर इंडिया-विस्तारा विलीनीकरणाला सिंगापूरच्या स्पर्धा आयोगानंही परवानगी द्यायची होती. मार्च 2024 मध्ये त्यांनी ती दिली, पण सिंगापूरहून दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि तिरुचिरापल्ली या चार मार्गांवर कोविडपूर्व पातळीइतक्या जागा ठेवण्याची हमी घेऊन, आणि ती पाळली जाते का हे बघायला स्वतंत्र लेखापरीक्षक नेमायला लावून. आपल्या आयोगानंही सप्टेंबर 2023 मध्ये कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या हमींवर मान्यता दिली होती, हे नोंदवायला हवं. सगळं श्रेय सिंगापूरला देण्याचं कारण नाही. पण सार्वजनिक चर्चेतला फरक बघा. तिथे विचारलं गेलं, तिरुचीला आठवड्याला किती जागा राहतील? इथे विचारलं गेलं, महाराजाच्या पगडीचं काय होणार?

आणि मुळात प्रभावाला शेअर लागतोच असं कुठे आहे? इंडिगोच्या दिल्ली आणि मुंबईहून इस्तंबूलला जाणाऱ्या फेऱ्यांवर तुर्की एअरलाइन्सकडून वैमानिकांसह भाड्यानं घेतलेली दोन बोइंग 777 विमानं होती. माझ्या ओळखीच्या एका बाई त्यातून गेल्या होत्या. तिकिटावर इंडिगो, बाहेर तुर्की रंग, आत शिरल्यावर ‘आपण बरोबर विमानात आलो ना’ म्हणून त्यांनी बोर्डिंग पास दोनदा पाहिला. तुर्कीचा इंडिगोत एक टक्काही नव्हता. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्की पाकिस्तानच्या बाजूनं बोलली आणि त्या दोन विमानांचा भाडेकरार राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला. त्याच महिन्यात मुंबईसह नऊ विमानतळांवर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द झाली. ती रद्द करणं योग्य की अयोग्य हा वेगळा लेख होईल. इथे एवढंच दिसतं की विमानाच्या पोटापाशी उभी असलेली कंपनी 49 टक्क्यांच्या चौकटीत कधी बसलीच नव्हती.

म्हणून मला विचाराल तर 49चं कुंपण काढून टाकलं तरी चालेल, पण त्या जागी तीन कड्या हव्यात. भागधारकांमधला करार, विशेषतः कोणत्या निर्णयांना परदेशी भागीदाराची संमती लागते ती कलमं, परवानगीआधी प्रसिद्ध व्हावीत. व्यापारी गुपितं झाकायची तेवढी झाका. ज्या देशाची कंपनी शेअर घेते आहे त्या देशाबरोबरचा हवाई करार त्या सौद्याच्या आगेमागे वाढवायचा असेल, तर त्याची किंमत देशाला वेगळी मिळावी. दुबईला आपण आठवड्याच्या 66 हजारांच्या आसपास जागांवर बरीच वर्षं रोखून धरलं आहे, म्हणजे रोखता येतं. आणि तिसरी कडी स्लॉटची, जिच्याकडे कुणीच बघत नाही. विमान कंपनी विलीन होते तेव्हा तिची विमानं बहुतेक भाड्याचीच असतात, कर्मचारी सोडून जाऊ शकतात. हाती लागतात ते गर्दीच्या विमानतळांवरचे सोयीचे स्लॉट. एखाद्या हंगामात स्लॉट 80 टक्के वेळा वापरला की पुढच्या हंगामातही तो त्याच कंपनीचा, अशी आपली पद्धत. जेट बंद पडली तेव्हा मुंबई-दिल्लीतले तिचे स्लॉट उरलेल्या कंपन्यांत वाटले गेले, आणि ती पुन्हा उडेल म्हणणाऱ्यांची पुढची पाच वर्षं कोर्टात गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मोडीत काढायला सांगितली.

नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025ला सुरू झाला. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी त्याची वाट पाहिली. तिथल्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या वेळा पहिल्या काही हंगामांत ज्यांच्या नावावर लागतील, त्यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं राहतील, आणि उद्या ती कंपनी कुणात विलीन झाली तर तिच्याबरोबर जातील. मी हे कट्ट्यावर सांगायला लागलो की भाचा मोबाइल काढतो आणि काका घड्याळाकडे बघतात.

परवा काकांना नागपूरचं लग्न आटोपून तिथून दिल्लीला मुलीकडे जायचं होतं. भाच्यानं तिकीट बघून दिलं. त्यांना हव्या त्या वेळेत पडद्यावर दोनच नावं उरली. त्यातल्या एकीत परदेशी विमान कंपनीचे 25.1 टक्के, दुसरीत शून्य. भाड्यात फरक होता शंभरेक रुपयांचा.